बावीसवरची चकती

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मांतोंमध्ये दोघांचं भांडण लागलं की तिसरा म्हणायचा, "चला, ओनोरेला विचारू." ओनोरे गास्ताल्दीने चाळीस वर्षं गावाच्या गळ्यावर वस्तरा फिरवला होता, आणि एवढ्या वर्षांत एकाच्या घरची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घातली नव्हती. सलूनवाल्याने तोंड बंद ठेवायचं म्हणजे मांजराने दुधाची राखण करण्यासारखंच. पण ओनोरेने ते करून दाखवलं होतं, आणि त्याचा त्याला चांगलाच अभिमान होता.

सलून पुतण्याला देऊन टाकल्यापासून तो रोज दुपारी जेवण झालं की समुद्राकाठच्या कॅसिनोत जाऊन बसायचा. दुपारच्या त्या रुलेटच्या टेबलाला पैसेवाले येत नाहीत. येतात ते पेन्शनवाले. हलक्यातल्या हलक्या किमतीच्या चकत्या घ्यायच्या, एक कॉफी घ्यायची आणि गारव्यात संध्याकाळ करायची. तरी प्रत्येकाची स्वतःची एक युक्ती असतेच. कुणी हरलं की दुप्पट लावतो, कुणी नातवंडांच्या वाढदिवसांवर लावतो. ओनोरेची युक्ती हाताची होती.

"माणूस बदलतो, हात बदलत नाही," तो सांगायचा. "चाक फिरवणाऱ्याचं मनगट बघा. गोळी कुठे सुटते, किती फेरे घेते, कुठे येऊन पडते. दहा डाव नुसते बघायचे, मग लावायचं." चाकावरचा एक आकडा धरायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन, अशा पाच चकत्या तो लावायचा. कधी लागायचं, बहुतेकदा नाही. लागलं की युक्ती, नाही लागलं की चाक फिरवणाऱ्याची झोप झालेली नाही.

"अरे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला," तेओफील लाँतेरी म्हणायचा. तेओफील म्हणजे निवृत्त बेकरीवाला, ओनोरेचा शाळेपासूनचा मित्र आणि तेव्हापासूनचाच शत्रू. "हात बघून आकडा सांगतोस ना? मग माझा बघ आणि सांग, सासू कधी जाणार?"

ओनोरेच्या उजव्या हाताला मादाम ओरेंगो बसत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता डोळ्यांनी साथ सोडली होती. कापडावरचे आकडे त्यांना नुसते डागांसारखे दिसत. त्या दुपारभरात मोजक्या चकत्या खेळत आणि त्या ओनोरेच्या हातात देत. दुसऱ्या कुणाच्या नाही. त्या टेबलावर सगळ्यांच्या चकत्या एकसारख्या. कुठली आपली हे ज्याने त्याने लक्षात ठेवायचं आणि जिंकल्यावर खरं बोलायचं, एवढाच काय तो कायदा. म्हणून दुसऱ्याची चकती लावताना नाव घ्यायची रीत होती. ओनोरे न चुकता म्हणायचा, "मादाम ओरेंगोंची, सतरावर."

त्या मंगळवारी चाकावर गिलेन होती. पोरगी नवी, पण मनगट घड्याळासारखं. ओनोरेने दहा डाव बघितले आणि चकत्या हातात घेतल्या.

"आज काय म्हणते तुमची विद्या?" मादामनी विचारलं.

"बावीसच्या आसपास," तो हळूच म्हणाला.

"मग माझी बावीसवरच लावा."

त्यांची चकती घेऊन त्याने बावीसवर ठेवली. तेवढ्यात तेओफील ओरडला, "ऐका हो, ज्योतिषीबुवा बसले! आज नाही आला ना आकडा, तर ओनोरे भर टेबलावर माझी फुकट दाढी करणार!" सगळे हसले. ओनोरेला राग आला, आणि त्या रागात नाव घ्यायचं राहून गेलं. गोळी फिरत होती. त्याने घाईघाईने आपल्या लावल्या. चाकावर बावीसच्या शेजारी असतात ते एकतीस, नऊ, अठरा, एकोणतीस. पाचवी, स्वतःची बावीसची, हातात होती तेवढ्यात गिलेन म्हणाली, "बस, आता लावणं बंद."

गोळी खडखडत दोन घरं ओलांडून गेली आणि बावीसमध्ये बसली.

टेबलावर एकदम आरडाओरडा झाला. तेओफीलचं तोंड उघडंच राहिलं. गिलेनने बावीसवरच्या एकुलत्या एका चकतीकडे बोट केलं आणि विचारलं, "ही कुणाची?" तिने ओनोरेचाच हात तिथे पाहिला होता, म्हणून ती त्याच्याकडेच बघत होती. सगळेच त्याच्याकडे बघत होते. इतकी वर्षं ज्यांनी त्याला हसून हसून पोट धरलं होतं ते सगळे.

"माझी," ओनोरे म्हणाला.

पैशांचा मोह त्याला नव्हता, हे खरं आहे. पण त्यामुळे गोष्ट बरी होत नाही, उलट वाईटच होते. आयुष्यात एकदा आकडा सांगून आणला होता, आणि तो दुसऱ्याच्या चकतीवर आला असं म्हणायला जीभ वळेना.

"आणि माझी?" मादामनी विचारलं. "माझीही बावीसवरच होती ना?"

ओनोरेने मूठ उघडली. "राहून गेली, मादाम. वेळच मिळाला नाही. ही घ्या." आणि त्याने आपली चकती त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती बोटांनी चाचपली. "असू दे," त्या म्हणाल्या. "नशीब."

गिलेनने चकत्यांची रास त्याच्यापुढे सरकवली. आकडा थेट लागला की त्यातली एक चकती नोकरांसाठी द्यायची, ही तिथली जुनी चाल. ओनोरेने दिली. गिलेन आणि तिचे सोबती एका सुरात म्हणाले, "आभारी आहोत, मस्यू, नोकरांच्या वतीने!" तेओफीलने त्याची पाठ थोपटली, आणि ओनोरेला ती थाप लागली. खरोखरच लागली.

घरी बायकोला, रोझालीला, सगळं आधीच कळलं होतं. तेओफीलच्या बायकोने फोन केला होता. "आज तरी माझ्या नवऱ्याला कुणी वेडा म्हणालं नाही!" असं म्हणत तिने भरपूर कांदा घातलेला पिशाद, तिकडचा पिझ्झासारखा पाव, भाजला होता. ओनोरेने ताट बाजूला सारलं. चाळीस वर्षं गळे सांभाळले, आणि एका आंधळ्या बाईचा कापला, तोही वस्तऱ्याविना. त्याला स्वतःची इतकी किळस आली की हात धुवायला गेला तो तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो टेबलावर आला तेव्हा सगळे वाटच बघत होते. "या, गुरुजी! आज कुठे?" ओनोरे बसला नाही. कालची सगळी रास त्याने मादाम ओरेंगोंपुढे ठेवली आणि पुटपुटला, "मादाम, हे तुमचं."

"अरे वा!" तेओफील ओरडला. "बघा रे, विधवेला वाटा! मन असावं तर असं!"

"देवमाणूस," पलीकडची एक म्हातारी म्हणाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ओनोरेचा एक शब्द पुरे होता, आणि तोच निघेना. काल खोटं बोलून मोठा झाला होता, आज गप्प राहून आणखी मोठा होत होता. कानशिलं तापली होती, आणि तरीही, लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्या टाळ्या त्याला बऱ्या वाटत होत्या.

मादामनी राशीवर हात ठेवला. "ओनोरे, हे दान आहे, की परत करताय?"

"परत करतोय," तो म्हणाला.

"मोठ्याने बोला. मला कमी दिसतं, आणि या सगळ्यांना कमी ऐकू येतं."

"परत करतोय!" ओनोरेचा आवाज फुटला. "कालची बावीसवरची चकती मादामची होती. माझी हातातच राहिली होती. मी खोटं बोललो."

टाळ्या वाजवणाऱ्याने हात खाली घेतले. तेओफील कॉफीच्या कपात बघत बसला.

"मला माहीत होतं," मादाम शांतपणे म्हणाल्या. "मी तुम्हाला दिली त्या चकतीच्या कडेला बारीक खाच होती. तुम्ही परत दिलीत ती गुळगुळीत होती. ती माझी नव्हे, हे कळायला डोळे कशाला लागतात?"

"मग काल का नाही बोललात?"

"म्हटलं, माणसाला एक रात्र द्यावी." मग त्या गिलेनकडे वळल्या. "पोरी, कालची ती नोकरांची चकती. ती माझ्याच जिंकलेल्यातली होती ना?"

गिलेनने ओनोरेकडे एकदाही पाहिलं नाही. ती आणि तिचे सोबती उभे राहिले, आणि एका सुरात म्हणाले, "आभारी आहोत, मादाम, नोकरांच्या वतीने."

मादामनी मान डोलावली. राशीतून एक चकती उचलली. सवयीने ओनोरेचा हात पुढे आला.

त्यांना ते दिसलं असेल की नाही, कोण जाणे. त्यांनी चकती त्याच्या हातावरून पलीकडे, टेबलावर पुढे केली. "तूच लाव, पोरी," त्या गिलेनला म्हणाल्या. "आणि लावताना माझं नाव घे."