लिंबोणीवरचं हस्ताक्षर

छापखान्यामागच्या अंगणात पुन्हा रांग लागली होती. जो तो लिंबोणीचं एकेक पान घेऊन उभा, आणि प्रत्येक पानावर पांढरी नागमोडी रेघ. रांगेच्या तोंडाशी खुर्चीत पानबाबा. पान उजेडाला धरून ते म्हणत, "अक्षर देवाचं, डोळे माझे. कोवळंच पान आणा हं. जुन्यावर तो लिहीत नाही."

बाई फाटकाशी थांबल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून त्यांची बावीस वर्षं गेली होती, त्यातली निम्मी अशा रांगा मोडण्यात. मागे रडणारी भिंत झाली, त्याआधी पुरलेलं धन. दर वेळी लोक माना डोलावत आणि नवा बाबा शोधत. पालथ्या घड्यावर पाणी ओतून बाई दमल्या होत्या. आठवड्यापूर्वी याच झाडाचं पान त्यांनी बरणीत ठेवलं होतं, पण ती घेऊन इथं यायची इच्छाच उरली नव्हती.

आज मात्र यावं लागलं. सकाळी त्यांच्याच वर्गात भाची बाकावरून कोसळली. तीन वर्षं न आलेली आकडी आली. शुद्धीवर आल्यावर पोर म्हणाली, "आत्या, पप्पांनी गोळ्या बंद केल्यात. पानावर तसं आलंय."

पप्पा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, छापखान्यात तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा. तो बाबांच्या खुर्चीमागेच उभा होता.

"दादा, ती आज वर्गात पडली."

त्याचा चेहरा उतरला. "बाबा म्हणाले होते, आधी थोडा त्रास होईल."

"पान वाचलं कुणी? बाबांनी?"

"नाही, मीच. अक्षर उलटं होतं, खिळ्यावर असतं तसं. मी सुलटं करून वाचलं, 'बंद'. बाबांनी मान डोलावली."

बाईंना हसू आलं नाही. जन्मभर उलटं वाचणाऱ्याला कुठल्याही रेघोट्यांत अक्षर दिसणारच. बाबांना वाचायची गरजच नव्हती. घाबरलेला माणूस जे म्हणेल त्याला मान डोलावली की झालं.

"खिळे तपासायचं तुझं भिंग काढ," त्या म्हणाल्या आणि झाडाचं एक ताजं पान तोडून त्याच्या हातात दिलं. "रेघ सुरू कुठं होते?"

"मधल्या शिरेजवळ. केसासारखी बारीक. पुढं जाड होत जाते."

"मधोमध काळी रेघ आहे ती शाई नाही, विष्ठा आहे. आता शेवट बघ."

दादा बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभा राहिला. "इथं काहीतरी हलतंय," तो हळूच म्हणाला.

"अळी आहे. इवलासा पतंग कोवळ्या पानावर अंडं घालतो. अळी पानाच्या सालीखाली शिरून खात पुढं जाते. ती वाढते तशी रेघ रुंदावते. जुनं पान निबर, म्हणून त्यावर तुमचा देव लिहीत नाही. पोट भरलं की ती पानाची कड दुमडून कोष करते."

बाईंनी पिशवीतून बरणी काढली. आतल्या पानाची कड दुमडलेली होती, कोष रिकामा होता. काचेवर तिळाएवढा चंदेरी पतंग बसला होता, पंखांच्या टोकाला एकेक काळा ठिपका.

रांगेतले चारपाच जण पुढं सरकले. पानबाबा खाकरले. "लेखकाचं रूप दिसलं तुम्हाला, भाग्य म्हणायचं."

"मग त्यालाच विचारा की, आकडीवर काय लिहिलंय," दादा म्हणाला. काही लोक पानं टाकून निघाले. काही रांगेतच राहिले, आणि ते बाईंना नवं नव्हतं.

फाटकाबाहेर दादानं विचारलं, "चुकलेल्या गोळ्या एकदम द्यायच्या का?"

"नाही. आधी डॉक्टर. आत्ताच."

बाईंनी फाटकाकडे वळून पाहिलं. ओरडायचं त्राण नव्हतं, म्हणून त्या नुसतंच बोलल्या. "पान वाचायचं असेल तर वाचा, पण भिंग घेऊन. आणि औषध बंद करायचं असेल तर ज्यानं सुरू केलं त्याला विचारा."

रांगेतल्या एका म्हातारीनं पदराच्या गाठीतून गोळ्यांची न फोडलेली पाकिटं काढली आणि ती बाईंच्या मागून चालू लागली.