बेड नंबर अकरा

संचिता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि मराठीत ब्लॉग लिहायची. पहिलं इंजेक्शन कसं दिलं, पहिलं मरण कसं पाहिलं, असं सगळं. दोन-तीनशे जण वाचायचे. वर्गातल्या मुली म्हणायच्या, अभ्यास सोडून हे कशाला? पण लिहून काढलं की दुसऱ्या दिवशी वॉर्डात पाऊल टाकता यायचं.

जानेवारीत तिने अकरा नंबरच्या बेडवरच्या आजोबांबद्दल लिहिलं. ते छापखान्यात अक्षरं जुळवणारे निवृत्त कंपोझिटर. पेपर हातात आला की आधी छपाईच्या चुका शोधायचे. त्यांच्या बेडचा कठडा निखळला होता. संचिताने दोनदा सिस्टरना सांगितलं होतं. एका दुपारी जवळ कुणी नसताना ते खाली पडले आणि तिसऱ्या दिवशी वारले. पोस्टमध्ये तिने त्यांचं किंवा हॉस्पिटलचं नाव घातलं नव्हतं.

आठवड्याने प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर पोस्टची प्रिंट होती.

"पेशंटची माहिती बाहेर न्यायची नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवलंय ना?"

"मी नाव नाही लिहिलं, मॅडम."

"भाईंदरमध्ये असे कंपोझिटर किती असतील?"

ते खरंच होतं.

"हॉस्पिटल म्हणतंय, आपल्या कॉलेजची वॉर्डातली पोस्टिंग बंद करू. तुझी एकटीची नाही, चाळीस मुलींची."

त्याच संध्याकाळी तिने ब्लॉग उडवला. नुसती ती पोस्ट नाही, तीन वर्षांचं सगळं. तिचे वडील शिवदास शाळेची बस चालवायचे. ते एवढंच म्हणाले, "आदी परीक्षा दे. मंग लिव काय लिवायचं ते."

त्या रविवारी दारात एक बाई आल्या. आजोबांची मुलगी, मृणालिनी, जेसल पार्कला राहणारी. पोस्ट कुणीतरी त्यांना पाठवली होती, घर त्यांनी विचारत विचारत शोधलं होतं.

"हॉस्पिटल म्हणतं, बाबा स्वतःच उठायला गेले," त्या म्हणाल्या. "मी पाच मिनिटं चहाला खाली गेले होते. भाऊ म्हणतो, तुझ्यामुळे गेले. बोलत नाही माझ्याशी. कठडा मोडका होता, एवढं लिहून दे मला."

संचिताने वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते.

"ती गोष्ट होती, ताई. मनाने रचलेली."

"पेपरातल्या चुका शोधायचे, तेही मनानेच रचलंस?"

संचिता आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली. मृणालिनीताईंनी पाण्याला हात लावला नाही. चिठ्ठीवर पत्ता लिहून ठेवला आणि गेल्या.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. संचिता पास झाली, दुसऱ्या हॉस्पिटलात नोकरीही मिळाली. मग तिने सगळं कागदावर लिहिलं. तारीख, वेळ, कुणाला सांगितलं ते. खाली सही केली आणि जेसल पार्कला गेली.

मृणालिनीताईंनी दारातच उभं राहून कागद वाचला. दोनदा वाचला.

"भाऊ गेल्या महिन्यात कायमचा मस्कतला गेला," त्या म्हणाल्या. "जाताना फोनही केला नाही."

"त्यांना पाठवा ना हे. मी बोलते त्यांच्याशी."

"तेव्हा तू गोष्ट म्हणालीस, ते मी त्याला सांगितलं होतं. आता हा कागद त्याला खरा वाटेल?"

त्यांनी कागद तिच्या हातात परत दिला आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. संचिता जिना उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची ड्यूटी होती.