मार्चचा बर्फ

ब्रूस ॲथर्टन चर्चच्या तळघरात भाषणाला उभा राहिला तेव्हा ओरेटा क्लाइकच्या हातात घेवड्याच्या पातेल्यातला डाव होता. तो तिने त्याच्या डोक्यात घातला नाही, एवढंच त्या सभेचं यश म्हणायचं.

सभा होती टॅनर टेकडीवर, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये. खाली पोर्ट हॅलम गावातल्या बर्फाच्या रिंकच्या कमिटीला यंदा एकाएकी वारशाचा पुळका आला होता. फेब्रुवारीत रिंकवर कृष्णवर्णीय वारसा दिन साजरा करायचा, टेकडीवरच्या चर्चच्या जुन्या हॉकी-संघांचे फोटो लावायचे, जेवण करायचं आणि टेकडीचा संघ विरुद्ध गावातले जुने खेळाडू अशी बर्फावरच्या हॉकीची मॅच ठेवायची, असा बेत होता. ॲथर्टन कमिटीचा अध्यक्ष. सहासष्ट वर्षांचा गडी, पण अजून गोलमध्ये उभा राहायची हौस फिटली नव्हती.

"कर्टिस क्लाइक माझा दोस्त होता," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "त्याच्यासारखा गोलकीपर मी जन्मात पाहिला नाही. पण गावच्या संघाच्या निवड चाचणीला आलाच नाही बिचारा! आला असता, तर कुणी सांगावं, माझी जागा त्याची असती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओरेटाने घेवडा ढवळला.

कर्टिस तिचा भाऊ. बहात्तर साली तो सतरा वर्षांचा होता आणि ती अकराची. चाचणी कधी आहे ते सांगायला हाच ब्रूस टेकडी चढून त्यांच्या दारात आला होता. "मंगळवारी, सकाळी सात," म्हणाला, आईच्या हातचे दोन फिशकेक खाल्ले आणि गेला. मंगळवारी पहाटे कर्टिस सगळं सामान पाठीवर घेऊन चार मैल चालत उतरला, तर रिंकला कुलूप. चाचणी सोमवारी संध्याकाळीच उरकली होती आणि गोलकीपर म्हणून ब्रूसची निवडही झाली होती. कर्टिसने घरी येऊन स्केट्स खुंटीला अडकवले. वसंतात तो टोरोंटोला गेला, जन्मभर गोदामात राबला आणि दोन वर्षांपूर्वी वारला. पुन्हा कधी बर्फावर पाय ठेवला नाही त्याने. ही गोष्ट ओरेटाच्या पोटात सत्तेचाळीस वर्षं होती आणि एक दिवसही शिळी झाली नव्हती.

त्याच रिंकवर ती बावीस वर्षं बर्फ करत होती. गार करणारं यंत्र सांभाळायचं, पाणी सोडायचं, गाडी फिरवून बर्फ आरशासारखा करायचा, हे तिचं काम. तिथे नोकरी कशी करवते, असं लोक विचारत. "बर्फ कुणाच्या बापाचा नाही," असं ती सांगे आणि कामाला लागे.

भाषण संपल्यावर एझ्राकाका उठले. हे चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, चौऱ्याऐंशी वर्षांचे. "फोटोबिटो ठीक आहे," ते म्हणाले. "आमची तेवीस पोरं आहेत. त्यांना आठवड्यातून एक तास बर्फ द्या. दर वेळी अर्ज करतो, दर वेळी म्हणता जागा नाही."

"देतो ना!" ॲथर्टन म्हणाला. "आता सगळ्यांना सामावून घ्यायचं आमचं धोरणच आहे. रविवारी सकाळी अकराचा तास रिकामा आहे. घ्या!"

आख्खं तळघर हसलं. लोकांना वाटलं, भलताच विनोदी निघाला हा माणूस. टेकडीवर रविवारी अकरा वाजता मांजरसुद्धा चर्चबाहेर सापडत नाही. मग तो हसत नाही हे एकेकाच्या लक्षात आलं. चार मैलांवर राहून सहासष्ट वर्षांत ह्या गृहस्थाला एवढंही कळलं नव्हतं.

"साहेब, रविवारी अकराला देव आमची हजेरी घेतो," टमारा म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि टेकडीच्या संघाची कॅप्टन होती. "शनिवार द्या."

"शनिवार? मग मॅच जिंका आणि न्या शनिवार!" ॲथर्टनने डोळा मारला. वर्तमानपत्राच्या बाईने ते टिपून घेतलं. ती लिहितेय असं पाहून त्याने तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ओरेटा एझ्राकाकांकडे गेली. "काका, तुमचे वडील चर्चच्या संघात खेळायचे ना? त्यांना रिंक कधी मिळायची?"

"कधी म्हणजे? गोऱ्यांचा हंगाम आटोपल्यावर. मार्चमध्ये. बर्फ भाकरीच्या पिठासारखा मऊ, वर घोटाभर पाणी."

"त्यात खेळायचे कसे?"

"रबरी चकती बर्फावर सरकत नाही, तर ती काठीने उचलून हवेतून मारायची. धावायच्या भानगडीत पडायचं नाही, पाय उचलून चालायचं. आणि गोलकीपरने पाण्यात लोळायची लाज बाळगायची नाही." म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "कशाला चौकशा चालल्यात, पोरी?"

"वारसा दिन आहे ना, काका. वारसा नको का समजायला?"

त्याच आठवड्यात उबारा आला आणि चर्चमागचं उथळ डबकं वितळून निम्मं पाणी झालं. रिंकवर सरावाला वेळ मिळणार नव्हताच. ओरेटाने संघाला त्या डबक्यात उतरवलं. चकती उचला, हवेतून द्या, पाय उचलून चाला, असं ती काठावरून ओरडायची.

"मावशी, हे हॉकी आहे की भाताची लावणी?" टमारा वैतागून म्हणायची. तिचे मोजे पिळून पाणी निघत होतं.

"मिळेल त्या बर्फावर खेळायला शीक."

खरं काय ते ओरेटाने कुणालाच सांगितलं नाही. संघालाही नाही, पाद्रीबाबांना तर नाहीच.

मॅचच्या शनिवारी ती साडेपाचला रिंकवर पोहोचली आणि गार करणाऱ्या यंत्राचं तापमान हलकेच वर सरकवलं. दुपारी दोनला मॅच. पावणेदोनला तिने गाडी काढली आणि बर्फावर गरम पाण्याचे दोन फेरे दिले, अगदी मायेने, बाळाला न्हाऊ घालावं तसे. लांबून बर्फ झकास चमकत होता.

पहिली पाच मिनिटं कुणाला काही कळलं नाही. मग गावातल्या जुन्या खेळाडूंनी मारलेली चकती दर वेळी निम्म्या वाटेत बसकण मारायला लागली. ते जोरात यायचे, वळायला जायचे आणि पाय रुतून धाडकन आपटायचे. टेकडीचे खेळाडू मात्र ठुमकत चालत होते, चकती हवेतून एकमेकांना देत होते. पुढच्या बाकावर एझ्राकाकांनी बर्फाकडे पाहिलं, मग काचेमागे उभ्या असलेल्या ओरेटाकडे पाहिलं, आणि त्यांची हनुवटी हसण्याने थरथरायला लागली. ती हसली नाही.

टमाराचा दुसरा गोल अडवायला ॲथर्टनने झेप घेतली आणि तो तोंडावर आपटला. पोटावर घसरत, पाण्याचा फवारा उडवत तो थेट आपल्याच जाळ्यात जाऊन बसला. दाढीतून पाणी ठिबकत होतं. पोरं खिदळली, गावातलेही खिदळले. ओरेटाला त्याची दया आली नाही. यायला हवी होती असंही तिला वाटलं नाही. मंगळवारी सकाळी कुलपासमोर उभा राहिलेला सतरा वर्षांचा पोर तिला दिसत होता, आणि ती मनात म्हणत होती, अजून एकदा पड. तो अजून दोनदा पडला. टेकडीने मॅच चार-एक अशी जिंकली.

पण एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. कुणी केलं आणि का केलं हे त्याला कळल्याशिवाय सूड कसला? तीन आठवडे तिने वाक्य घोटून ठेवलं होतं: हा मार्चचा बर्फ आहे, ब्रूस, आणि मी मंगळवार विसरलेले नाही.

जेवणाच्या टेबलावर ॲथर्टन खांद्यावर टॉवेल घेऊन बसला होता. समोर शनिवारच्या तासाचा कागद, शेजारी वर्तमानपत्राची बाई. तेवीस पोरं ब्राऊन ब्रेड कोंबत टेबलाभोवती उभी होती आणि खाताना एकाचीही नजर त्या कागदावरून हलत नव्हती.

"एक विचारतो, ओरेटा," पेन उघडता उघडता तो म्हणाला. "बावीस वर्षांत बर्फ असा कधी झाला नाही. आज काय झालं? म्हणजे, कुणी मुद्दाम छेडछाड केली असेल तर मॅचच रद्द. मग शनिवारही रद्द. नियम तो नियम."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. वाक्य जिभेवर आलं होतं. नोकरी गेली तरी तिला चालणार होतं. पण सगळ्यांत धाकटी पाच वर्षांची नेरिसा तिच्या एप्रनला धरून उभी होती.

"यंत्र जुनं झालंय, मिस्टर ॲथर्टन," ओरेटा म्हणाली.

"यंत्र कसलं, तूच जुनी झालीस!" त्याने हसून तिच्या पाठीवर थाप मारली. "क्लाइकांचं असंच. कर्टिसलाही कधी वेळ लक्षात राहायची नाही."

ओरेटाने तोंडातल्या तोंडात जीभ इतकी चावली की रक्ताची चव आली. ॲथर्टनने सही केली. पोरांनी छप्पर उडेल असा गलका केला.

त्यानंतर दर रविवारी, प्रार्थनेत नावं घ्यायची वेळ आली की ओरेटा उभी राहून ब्रूस ॲथर्टनच्या आरोग्यासाठी प्रार्थना करायला लागली. रक्तदाबासाठी, गुडघ्यांसाठी, विशेषतः कानांसाठी. रिंकवर ती त्याला गोळ्यांची आठवण करायची, बिनमिठाचे फिशकेक न्यायची. ख्रिस्ती क्षमा म्हणजे काय ते ओरेटाकडून शिका, असं पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलं.

एका रविवारी पायऱ्या उतरताना एझ्राकाकांनी तिचा दंड धरला. "खरंच माफ केलंस त्याला?"

"नेरिसा पाच वर्षांची आहे," ओरेटा म्हणाली. "पोरं अठराव्या वर्षापर्यंत खेळतात. म्हणजे तेरा वर्षं. तिचा शेवटचा शनिवार झाला की मी त्याच्या घरी जाणार आणि त्याला सगळं सांगणार. मंगळवार आणि बर्फ, दोन्ही. तोवर तो मरता कामा नये, काका. ऐकू येत असायला हवं त्याला, शुद्धीवर असायला हवा."

म्हाताऱ्याने बोटांवर हिशेब केला. तेरा वर्षांनी त्यांना सत्त्याण्णव लागणार होतं.

"मग पुढच्या रविवारपासून माझंही नाव घाल," ते म्हणाले. "मला दारात उभं राहून ऐकायचंय."