मिशी पिवळी करायची राहून गेली

माझी मिशी अजून काळी का आहे?

विचारून विचारून दमलो. माझ्या पोटात लावलेल्या फुलांना पाणी घालणाऱ्या माणसाला विचारलं, डोक्यावर बसणाऱ्या कबुतरांना विचारलं, गरागरा वळसा घालून जाणाऱ्या गाड्यांना विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. मी शाळेत गेलेलो नाही. लाकडाला कोण शाळेत घालतं? त्यामुळे काही गोष्टी मला उशिरा कळतात, काही कळतच नाहीत. ही त्यातलीच एक.

मी सान ज्वान. गोझो बेटावरच्या इम्जार बंदरातला लुत्सू, म्हणजे लाकडी होडी. होडी म्हटलं की तुम्ही मला बाई समजाल, पण आमच्याकडे लुत्सू हा पुरुष असतो. मिशी असते म्हटल्यावर आणखी काय सांगू? पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना कोरलेले डोळे, आणि डोळ्यांखाली रंगाचा रुंद पट्टा. तीच मिशी. एरवी ती पिवळी असते. मालकाच्या घरात कोणी गेलं की वर्षभर काळी. वर्ष सरलं की पुन्हा पिवळी. माझा मालक विस्तीन, त्याची बायको गेली तेव्हा असंच झालं होतं. वर्षाने जाकबू डबा घेऊन आला, पिवळा पट्टा ओढला आणि म्हणाला, "संपलं सुतक, छोट्या. चल समुद्रावर."

विस्तीन माझा बाप. त्याने मला स्वतःच्या हाताने बांधलं. जाकबू त्याचा मुलगा, तेव्हा जेमतेम ब्रश धरण्याएवढा. विस्तीनने माझा उजवा डोळा रंगवला आणि डावा जाकबूच्या हवाली केला. तो वाकडा झाला. बाहुली मागच्या बाजूला सरकली. जाकबू रडायला लागला.

"राहू दे तसाच," विस्तीन म्हणाला. "तुझा भाऊ आहे. तुझ्यासारखाच दिसणार."

येशूच्या शिष्यांत जाकबू आणि ज्वान सख्खे भाऊ होते. म्हणून माझं नाव सान ज्वान, म्हणजे संत ज्वान. तेव्हापासून मी घरातला धाकटा. आणि धाकट्याला कोणी काही सांगत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. माझा उजवा डोळा पुढचा समुद्र बघतो. डावा मागे बघतो, जो सुकाणू धरून बसलाय त्याच्याकडे.

आधी आम्ही मासे धरायचो. मग मासे कमी झाले आणि माणसं वाढली. जाकबूने माझ्यावर कापडी छत बांधलं, बाकांवर गाद्या टाकल्या आणि लोकांना केमुना बेटावर न्यायला लागला. दिवसभरासाठी पूर्ण होडी एकाच कुटुंबाची, दुसरं कोणी नाही. शेजारच्या होडीवरचा नार्दू ओरडायचा, "काय रे जाकबू, आज पण माणसंच गळाला लागली? खारवून ठेव, हिवाळ्यात खाऊ!"

"तू आधी तुझ्या बायकोला खारव," जाकबू म्हणायचा. "म्हणजे जरा कमी बोलेल."

माणसं मला कधी उलगडली नाहीत. त्यांना एकटं राहायचं असतं म्हणून ती पूर्ण होडी घेतात, आणि निळ्या पाण्यात पोचलं की तिथे सगळ्या एकट्यांची जत्रा भरलेली असते. मग ती रुसतात. माझ्या डोळ्यांचे फोटो काढतात, पण डोळ्यांत बघत नाहीत. पाण्यात उडी मारायच्या आधी थंड आहे का विचारतात, नाही म्हटलं तरी घाबरतात, हो म्हटलं तरी उडी मारतात.

रुसलेल्यांसाठी जाकबूकडे एक उपाय होता. बेटाच्या मागच्या अंगाला एक गुहा आहे. तिथे तो इंजिन बंद करायचा आणि बोट ओठावर ठेवायचा. "गप्प बसा. आता माझा भाऊ बोलणार."

मग मी लाटेबरोबर आत तरंगत जायचो, फळ्या एकमेकींवर घासायच्या आणि मी करकरायचो. गुहेत तो आवाज मोठा होऊन यायचा. लोक हसायचे. जाकबू विचारायचा, "काय म्हणाला, कळलं?" आणि मग दर वेळी वेगळं सांगायचा. कधी म्हणे, याला भूक लागलीय. कधी म्हणे, त्या टोपीवाल्या काकू याला आवडल्या. मी तसं काही म्हणायचो नाही. पण मला चालायचं.

आता तो दिवस सांगतो.

सकाळी जाकबू धक्क्यावर डावा दंड चोळत उभा होता. विस्तीन जाळं शिवत बसला होता. जाकबू म्हणाला, "बाबा, हात फार दुखतोय. आजच्या लोकांना नार्दूकडे देऊ का?"

विस्तीनने मान वर केली नाही. "हात दुखतो म्हणून घरी बसायला तू काय सरकारी साहेब आहेस? दोर ओढ, आपोआप सुटेल."

"बघ छोट्या," जाकबू मला म्हणाला, "डॉक्टरसुद्धा घरचाच."

एवढंच झालं. दोघं आणि मी, चौथं कोणी नव्हतं. लोक आले, जाकबूने माझ्या काठावर नेहमीसारख्या दोन टिचक्या मारल्या आणि आम्ही निघालो. बंदराबाहेर पडल्यावर त्याने हात दोनदा फिरवला आणि स्वतःशीच हसला. "म्हातारा बरोबर बोलतो. हलवला की बरं वाटतं." दुपारी लोक पोहत होते तेव्हा त्याने गळ टाकला. एक वोपा लागला. वोपा म्हणजे नुसते काटे. जाकबू खात नाही, त्याची बायको व्हितोरीन त्याला हात लावत नाही. एकटा विस्तीन तिकडे आपल्या घरी आवडीने चघळत बसतो. जाकबूने तो बादलीत टाकला आणि म्हणाला, "म्हाताऱ्याची फी."

मी हे ऐकलं. फक्त मी.

संध्याकाळी तो मासा कागदात गुंडाळून धक्क्यावर उतरला. "उद्या भेटू, छोट्या." आणि चढ चढून गेला.

तो उद्या आला नाही. परवाही नाही. चर्चच्या घंटा वाजल्या, पण त्या नेहमीच वाजतात. नार्दू त्याच्या पोराला सांगत होता ते कानावर आलं. चढावर खांबाला टेकून बसला आणि उठलाच नाही. हृदय बंद पडलं.

मला समजेना. समुद्र गुळगुळीत होता. वारा नव्हता. समुद्राने नेलं तर मला कळलं असतं. मातीवर माणूस बुडतो कसा? आणि बंद पडलं म्हणजे काय? माझं इंजिन कितीदा बंद पडायचं. जाकबू झाकण काढायचा, फिल्टर फुंकायचा, शिवी द्यायचा आणि ते चालू व्हायचं. त्याच्यासाठी कोणी एवढंही केलं नाही? मला इतका राग आला की मी रात्रभर धक्क्यावर आपटत राहिलो. नार्दूला वाटलं दोर सैल झालाय. त्याने आवळून बांधला.

मग विस्तीन काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. दोन शिंतोडे माझ्या वाकड्या डोळ्यात उडाले, त्याने पुसले नाहीत. रंग वाळला तसा त्याने मला पाण्यातून ओढून कोरड्यावर ठेवलं आणि पाठ फिरवली. पुढचा अख्खा उन्हाळा मी उन्हात पडून होतो. लाकडी होडीला तहान लागली की तिच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. माझ्या सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसायला लागला.

व्हितोरीन रोज यायची. एकदा विस्तीनला तिथेच गाठलं.

"बाबा, याला पाण्यात सोडा. लोकांना मी नेईन."

"तू?"

"मी. सुकाणू धरायला मिशी लागत नाही. ती याला आहे."

"नको. नगरपालिकेचे लोक याला गावच्या चौकात ठेवणार आहेत. फुलं लावणार आहेत. मी शब्द दिलाय."

"हा काय फुलदाणी आहे? जाकबूचा भाऊ आहे हा! तुम्हीच म्हणायचात ना?"

"म्हणायचो," विस्तीन म्हणाला. "मला याच्याकडे बघवत नाही, पोरी. याला कळतं."

व्हितोरीनला वाटलं, म्हातारा दुःखाने काहीतरी बरळतोय. मला माहीत होतं तो काय म्हणतोय ते. सकाळचं ते वाक्य ऐकायला धक्क्यावर तिसरा मीच होतो. त्याला वाटत होतं, आपण पोराला मरायला पाठवलं. आणि मला वाटत होतं, याला कोणीतरी सांगा की तो रागावून गेला नाही. हसत गेला. तुझ्यासाठी वोपा घेऊन गेला. पण सांगणार कोण? मला करकरण्यापलीकडे काही येत नाही, आणि कोरड्यावर तेही येत नाही.

व्हितोरीनने माझ्या उघड्या सांध्यावर हात फिरवला. मग म्हणाली, "बरं. द्या चौकाला. पण आधी एकदा केमुनाला जायचं. रीतसर बुकिंग समजा. पूर्ण होडी तुमच्या एकट्याची. तुम्ही प्रवासी, मी चालक."

"वेडी आहेस."

"जेवण पण देईन. तो द्यायचा तसंच."

त्यांनी मला पाण्यात ढकललं आणि मी भरायला लागलो. सगळ्या सांध्यांतून पाणी आत आलं. नार्दू ओरडला, "अरे बुडतोय तो, वर घ्या!"

"घेऊ नका," विस्तीन म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज असा चढला होता. "पिऊ दे त्याला. पोट भरलं की आपोआप मिटेल."

दोघंही गुडघाभर पाण्यात माझ्या आत उभे राहून बादल्यांनी पाणी उपसत राहिले. जेवढं काढत तेवढं मी परत पीत होतो. उपसता उपसता म्हातारा रडायला लागला, पण थांबला नाही. व्हितोरीनने बघितलं आणि तिनेही हात थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी माझे सांधे मिटले. तळाची एक फळी मात्र मऊ पडली होती. विस्तीनने तिच्यावर अंगठा दाबला आणि मान हलवली. एवढी फेरी झेपेल, पुढची नाही.

त्या फेरीनंतर मी इथे चौकात आलो. पोटात माती, मातीत लाल फुलं. गाड्या माझ्याभोवती फिरतात, जशा आम्ही केमुनाभोवती फिरायचो. फक्त कोणी उतरत नाही. व्हितोरीनने फायबरची होडी घेतलीय. तिची गाडी इथून जाते तेव्हा भोंगा दोनदा वाजतो. विस्तीन रविवारी प्रार्थना उरकली की माझ्या सावलीत येऊन बसतो.

मग मिशी काळी का? वर्ष तर कधीच सरलं. नगरपालिकेचा रंगारी येतो तेव्हा मी कान टवकारून ऐकतो. त्याने विस्तीनला विचारलं, "बाबा, हा पट्टा पिवळा करू?" विस्तीन म्हणाला, "सूनबाईला विचार. तिच्या मनाची तयारी हवी." त्याने व्हितोरीनला विचारलं. ती म्हणाली, "बाबांना विचार. त्यांना लागेल मनाला." रंगारी वैतागून म्हणाला, "मी आपला आहे तोच रंग मारतो." आणि दर वसंतात मला नवंकोरं सुतक लावून जातो.

तुम्ही कधी गोझोला आलात, या चौकातून वळलात, तर दोघांपैकी एकाला तरी सांगा. कोणालाही. दुसऱ्याची वाट बघू नका म्हणावं. डबा आणा.

ती फेरी सांगायची राहिली.

व्हितोरीन सुकाणूवर होती. विस्तीन प्रवाशांच्या गादीवर अवघडून बसला होता, हात कुठे ठेवायचे त्याला कळत नव्हतं. तिने टोमॅटो चोळलेला पाव दिला. त्याने तो नुसता हातात धरला. गुहेपाशी तिने इंजिन बंद केलं. आता माझा भाऊ बोलणार, असं म्हणायला कोणी नव्हतं. आम्ही आत तरंगत गेलो.

"मी त्याला पाठवला," विस्तीन अंधाराकडे बघत म्हणाला. "हात दुखतोय म्हणाला होता. मी चेष्टा केली."

व्हितोरीनने सुकाणू सोडलं. "मलाही म्हणाला होता. मी म्हटलं, जाताना बामाची बाटली घेऊन जा. ती पण तो विसरला."

पाणी भिंतीवर चुबुक चुबुक वाजत होतं.

"एक गोष्ट मला कळली नाही, बाबा," ती म्हणाली. "त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला वोपा होता. आमच्याकडे तर कोणी खात नाही. तो कोणासाठी घेऊन येत होता?"

विस्तीनने वळून तिच्याकडे पाहिलं.

माझे सांधे नेहमीपेक्षा जास्त पाणी पिऊन गच्च मिटले होते. इतकी फुगलेली होडी करकरत नाही. मी पुढून आलेली लाट घेतली, ती मऊ फळीवर सगळी पेलली, अंग पिळलं, आणि होतं नव्हतं तेवढ्या जोराने एकदा करकरलो.