स्टेनुनची चाल

आइसलँडमधला हिवाळा. दुपार खाडीवर क्षणभर उजळते, हिमधवल कड्यांना केशराचं बोट लावते आणि विझते. असा कृपण प्रकाश, अशी अथांग शांतता.

त्या शांततेत कधीकाळी स्टेनुन गायची. बंदरावरच्या धूम्रधूसर मद्यगृहांत, सॅक्सोफोनच्या सोनेरी उसाशांवर रेलून, ती जॅझ गायची. आणि खारट हातांचे खलाशी हातातला पेला विसरून ऐकत राहायचे.

तिथेच तिला नाट्यदिग्दर्शक एगिल भेटला. त्याच्या नाटकांसाठी ती संगीत रचू लागली. खरं तर त्याच्यासाठीच रचू लागली. समुद्राने गिळलेल्या कोळ्यांवर त्याने नाटक बसवलं, तेव्हा आपल्या बुडालेल्या बापाला आठवून तिने एक अंगाई बांधली. लाटेसारखी उचंबळणारी, लाटेसारखी फुटणारी.

एगिलने ती ऐकली. मग म्हणाला, "हे जुनं लोकगीत आहे असं सांगू या. मला एका म्हाताऱ्या कोळणीकडून मिळालं, असं. लोकांना जास्त भिडेल."

ती प्रेमात होती. ती हो म्हणाली.

गाणं गावोगाव गेलं. शाळांत गेलं, चर्चमध्ये गेलं, पाळण्यांपाशी गेलं. एगिलला मान मिळाले, पदकं मिळाली, तरुण बायको मिळाली. फार उशिरा, त्याच्याच सत्काराच्या सभेत, स्टेनुनने उठून खरं सांगितलं. लोक संकोचून हसले. एगिलने तिच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "थकली आहे ती," तो म्हणाला.

त्यानंतर रंगभूमीने तिला बोलावलं नाही.

आणि एगिल गेला. बर्फाने वेढलेल्या त्याच्या कबरीभोवती सारं गाव तीच अंगाई गाऊ लागलं. वृद्ध स्टेनुननेही ओठ उघडले. शेवटच्या ओळीत तिने स्वर खाली उतरवला, कोमल केला; बापासाठी रचताना केला होता, तसाच.

शेजारची तरुणी हलकेच वाकली. "आजी, तिथे खाली जायचं नाही. सरळ ठेवायचा स्वर. माझ्या आईने शिकवलंय मला."

स्टेनुनने त्या निष्पाप, निळ्या डोळ्यांत पाहिलं. सांगण्यासारखं एक अख्खं आयुष्य होतं. तिने मान डोलावली.

पुढचं कडवं आलं, तीच जागा आली. तिने स्वर सरळ ठेवला.

थंडीत शंभर मुखांतून वाफ उठली, शुभ्र झाली, एक झाली. त्यात तिचा श्वास कोणता, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.