हिरव्या बरणीतली लिंबं

मी एक फुटकी बरणी बोलतेय. मला फोडलं याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा राग आहे तो दुसऱ्यावर.

अॅटलास पर्वताच्या पायथ्याशी एका कुंभाराच्या भट्टीतून मी हिरवीगार निघाले. माल उचलायला आलेला व्यापारी हाजी अल्लाल कुंभाराला म्हणाला, "परदेशी जाणाऱ्या मालाला बिनशिशाची झिलई दे, तिकडे मेले तपासतात. इथल्या बाजाराला जुनीच चालू दे. इथे कोण बघतंय?" मी अजून गरम होते, तेव्हा हे ऐकलं.

अल्लालच्या दुकानातून मला विकत घेतलं हनियानं; मानानं सगळे तिला लल्ला म्हणत. मीठ भरलेली लिंबं ती माझ्यात मुरवायची. दहा वर्षं मी तिच्या फळीवर मिरवले. आता त्याची लाज वाटते.

मग तिच्या सुनेला, तूदाला, दिवस गेले. आमच्याकडे पोटुशीचे डोहाळे मोडत नाहीत, मोडले तर बाळाच्या अंगावर त्याच पदार्थाचा डाग उठतो म्हणतात. तूदाला आंबट हवं होतं. सासू एरवी महाचिक्कू, पण माझं झाकण रोज उघडायची.

"खा गं पोरी, अजून एक खा. माझ्या नातवाच्या गालावर लिंबू उगवायला नको."

"उगवलं तर बाजारात विकू, लल्ला," म्हणत तूदा बोटंसुद्धा चाटायची.

त्या आंबट-खाऱ्या रसात माझ्या झिलईतलं शिसं उतरत होतं. रसातून तिच्या रक्तात, रक्तातून नाळेवाटे बाळात. नाळेला काय कळतंय बिचारीला! आईकडून आलेलं शिसंही ती पुढे जाऊ देते. मी आतून ओरडत होते, पण बरणीचं कोण ऐकतं?

सहाव्या महिन्यात दवाखान्यातली नर्स बतूल रक्ताचा कागद घेऊन घरीच आली. तिची नजर माझ्यावर पडली.

"लल्ला, लिंबं यात मुरवता?"

"यातच. गावात नाव आहे माझ्या लिंबांचं!"

"हिच्या झिलईत शिसं असणार. तूदाच्या रक्तात सापडलंय, म्हणजे बाळातही गेलंय. त्याचा मेंदू आत्ताच घडतोय."

तूदानं विचारलं, "आजपासून सोडलं, तर सुटलो ना?"

"नवं जाणार नाही. पण थोडं तुझ्या हाडांत बसलंय. बाळाची हाडं घडवायला तुझी हाडं झिजली, की ते पुन्हा रक्तात येतं. म्हणून दूधदही भरपूर घे. जितकं वाचवता येईल तितकं वाचवू."

हनियानं माझं झाकण लावलं. "मी माझ्या हातानं भरवलं गं," एवढंच म्हणाली.

तिनं लिंबं खड्ड्यात पुरली, पण मला फोडायला तिचा हात धजेना. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्बारका दारात आली.

"टाकणार असलीस तर मला दे की. माझी लेक पोटुशी आहे, तिलाही आंबटच लागतंय."

हनियानं पितळी बत्ता उचलला आणि मला एका घावात फोडलं. तुकडे टोपलीत भरून ती भर बाजाराच्या दिवशी अल्लालच्या दुकानी गेली. सगळ्यांदेखत तिनं मला त्याच्या पायरीवर ओतलं.

"हाजी, तुझी सून कुठल्या बरणीतली लिंबं खाते रे?"

तो आत जाऊन केरसुणी घेऊन आला.

झाडू नकोस मला, अल्लाल. तूदाचं बाळ अजून यायचंय. ते येईपर्यंत मी या पायरीवरून हलणार नाही.