जांभळं पाणी

“गेट पाडा, भाईदासभाई! अर्धं नको, पुरतं पाडा!”

सुकदेवने कचरा अडवणाऱ्या जाळीवरूनच मदतनीस भाईदासला हाक दिली. डिंडोलीच्या बाजूने येणारं शहराचं सांडपाणी रोज राखाडी असे. त्या दिवशी सकाळी दहाला ते जांभळं आलं, वाफाळत, नाकाला झोंबत.

बावीस वर्षं सुकदेव या शुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर होता. मोठ्या टाक्यांत हवा सोडून जिवाणू पोसायचे, त्यांनी घाण खायची आणि निवळलेलं पाणी खाडीवाटे मिंढोळा नदीत जायचं, एवढं त्याचं काम. लग्नकार्यात नातलग त्याला ‘गटारवाला’ म्हणत. तो हसून वाढप करत राही. पण कारखान्याच्या रंगाने जिवाणू मेले, तर सगळी घाण तशीच नदीत उतरते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

गेट पडेपर्यंत निम्मी टाकी जांभळी झाली होती. ते फार वेळ बंदही ठेवता येत नव्हतं. मागे वस्तीतली गटारं तुंबली असती. साहेब फोनवर म्हणाले, “रंग कुठून येतोय ते शोधा. नमुना घ्या.” दोघे रस्त्यावरची झाकणं उचलत निघाले. सहाव्या झाकणाखाली जांभळं पाणी होतं, सातव्याखाली राखाडी. मध्ये भिंत होती ती कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याची.

भाईदास पहार टेकवून उभा राहिला. “सुकदेवभाई, आ तो तमारा गोपालनी मिल छे.”

सुकदेवला ते ठाऊक होतं. धाकट्या भावाला अमळनेरहून आणून त्यानेच या फाटकाशी उभं केलं होतं.

फाटकातून गोपालच बाहेर आला. हात कोपरापर्यंत जांभळे.

“दादा, बाटली भरू नको.”

“वॉल्व कोनी खोला?”

“शेठनी सांगं, मी खोला. आते बंद करी टाकस. तू काई देखं नही, बस.”

“हाई बठ्ठं नदीमा जाई, गोपाल.”

“नदी तुनी शे का? भाऊ तुना शे.”

दोरीला बाटली बांधून सुकदेवने पाणी काढलं, चिठ्ठीवर वेळ आणि जागा लिहिली. कारखान्याच्या हजर माणसाची सही लागत होती. गोपालने भावाकडे न पाहता सही केली.

आठवड्याभरात कारखान्याला टाळं लागलं. दुसऱ्या केंद्राचा जिवंत जिवाणूंचा गाळ टँकरने आणून ओतला, तेव्हा कुठे एकोणीस दिवसांनी टाकी पुन्हा जिवंत झाली. साहेबांनी सुकदेवला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. दोन महिन्यांनी कारखाना उघडला. गोपालला मात्र परत घेतलं नाही. तो बायकोला, गायत्रीला घेऊन इच्छापोरला ठेकेदाराच्या कामावर गेला. जाताना भेटला नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही घरं एकत्र जेवत. या वर्षी सुकदेवच्या बायकोने, शोभाबाईने, मांडे भाजले आणि डबा त्याच्यापुढे ठेवला.

“तुमीच लई जा. मांडासवर कोन राग धरी?”

दोन बस बदलून तो पोचला. खोलीत टीव्ही चालू होता.

“गोपाल!”

टीव्ही एकदम गप्प झाला. डोक्यावर पदर घेत गायत्री दारात आली. तिने डबा घेतला, मागे वळून पाहिलं. आत या म्हणाली नाही.

“पानी लेतस का, दादा?”

“दे.”

ऊन टळटळीत होतं. उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सुकदेव पाणी प्यायला, सावकाश, पेला रिकामा होईपर्यंत. मग तो परत देताना म्हणाला, “रससंगे वाढ त्याले. कोरडा मांडा नही खात तो.”

गायत्रीने मान हलवली. सुकदेव बसथांब्याकडे चालू लागला.